नाकातली चिमूट: तपकीर, नस्य आणि अ‍ॅमेझॉनची पूड

गेल्या काही महिन्यांत माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला. "डॉक्टर, दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींची एक पूड असते. नळीने नाकात फुंकतात. मन शांत होतं म्हणे. घ्यायला हरकत नाही ना?" विचारणारे कोणी टवाळ नव्हते. एक संगणक कंपनीत काम करणारा मुलगा, एक योगवर्गाला नियमित जाणाऱ्या बाई आणि एक सेवानिवृत्त गृहस्थ. तेव्हा प्रश्न हसण्यावारी न नेता त्यावर सविस्तर लिहावे असे ठरवले.

नाकात पूड ओढणे ही गोष्ट पुण्याला नवी नाही. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना शाळेतले एखादे मास्तर आठवत असतील. खडू खाली ठेवून कोटाच्या खिशातून पितळी डबी काढायची, झाकणावर दोनदा टिचकी मारायची, अंगठा आणि तर्जनीत चिमूट धरून एकेका नाकपुडीत सर्रकन ओढायची आणि डागाळलेल्या रुमालाने नाक पुसत पुढचे उदाहरण सांगायचे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला घरात शिव्या बसत, पण तपकिरीला मात्र सोवळ्यातल्या घरातही थारा होता. ती तोंडाला लागत नाही, उष्टी होत नाही, धूर नाही, असा युक्तिवाद असे. मराठी भाषेत तर तिने एक अख्खा रंग आपल्या नावावर करून घेतला आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आज वायरी, बल्ब आणि इलेक्ट्रॉनिक सामान मिळते, आणि तिथे खरेदीला जाणाऱ्या मुलांना तपकीर म्हणजे काय हे सांगावे लागते.

आता गंमत पाहा. आपली तपकीर आणि अ‍ॅमेझॉनची ती पूड या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. तंबाखू हे झाडच मुळात अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर, म्हणजे १४९३ साली, रामोन पाने नावाचा एक स्पॅनिश धर्मोपदेशक कॅरिबियन बेटांवर गेला. तिथले ताइनो लोक देवकार्याच्या वेळी नळीने नाकात पूड ओढतात हे त्याने लिहून ठेवले आहे. ती पूड बहुधा तंबाखूची नसून एका शेंगेच्या बियांची होती, पण नाकाची वाट युरोपला कळली ती अशी. पुढे १५६० च्या सुमारास लिस्बनमधला फ्रेंच वकील जाँ निको याने तंबाखू फ्रान्सच्या दरबारी डोकेदुखीवरचे औषध म्हणून पाठवली. निकोटीन हे नाव त्याच्यावरूनच पडले. आपल्याकडे तंबाखू आणली पोर्तुगीजांनी. म्हणजे जंगलातली पूड दरबारात गेली, दरबारातून जहाजात आणि जहाजातून आपल्या कोटाच्या खिशात आली. या प्रवासात चिमूट तेवढी टिकली. ती कोणी द्यायची, कधी घ्यायची, कोणी घ्यायची नाही, हे सगळे वाटेत गळून पडले.

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला आक्रे नावाचे राज्य आहे. तिथे हुनी कुइन, यावानावा अशा जमाती राहतात. त्यांच्या पुडीला पोर्तुगीज भाषेत 'रापे' म्हणतात, उच्चार मात्र ब्राझीलमध्ये 'हापे' असा करतात. शब्दाचा अर्थ साधा, तपकीर. तंबाखूची पाने वाळवून कुटायची, त्यात ठराविक झाडांच्या सालीची राख मिसळायची आणि वस्त्रगाळ करायचे. ही तंबाखू बहुतेक वेळा 'रस्टिका' जातीची असते. सिगारेटमधल्या तंबाखूपेक्षा तिच्यात निकोटीन पुष्कळ जास्त. पूड घेण्याच्या दोन रीती आहेत. स्वतः घ्यायची तर 'कुरिपे' नावाची आखूड वाकडी नळी असते, तिचे एक टोक तोंडात आणि दुसरे नाकपुडीत. दुसऱ्याने द्यायची तर 'तेपी' ही लांब नळी. देणारा समोर बसतो आणि आपल्या श्वासाने पूड समोरच्याच्या नाकात फुंकतो. घेणारा त्या क्षणी श्वास रोखून धरतो, म्हणजे पूड फुप्फुसात उतरत नाही. समारंभात घेतात तशी दिवसभराच्या कामानंतर एकत्र बसूनही घेतात. पूड कोणी कुटावी, कोणी फुंकावी, फुंकताना मन कसे असावे, याला त्यांच्या लेखी फार महत्त्व. पुडीइतकाच देणाऱ्याचा श्वासही औषध आहे असे ते मानतात.

यात आपल्याला परके वाटण्यासारखे फारसे नाही. पोराचा गुडघा खरचटला की आई आधी फुंकर घालते, हळद नंतर येते. दर्ग्यात पाण्यावर दम मारून देतात. अंगारा लावतानाही मंत्र पुटपुटून फुंकर मारतात. श्वासातून माया किंवा सामर्थ्य जाते ही कल्पना आपल्या हाडीमासी आहे, म्हणून त्या लोकांना अडाणी म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

शिवाय नळीने नाकात पूड फुंकण्याचा प्रकार आपल्या आयुर्वेदातही आहे. नस्याचा एक प्रकार 'प्रधमन'. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात त्याची रीत दिली आहे. सहा अंगुळे लांबीची, दोन्ही बाजूंनी उघडी नळी घ्यायची, तिच्यात औषधाचे चूर्ण भरायचे आणि तोंडाच्या वाऱ्याने ते नाकात फुंकायचे. तेपीचेच वर्णन वाटावे! फरक हा की इथे चूर्ण तंबाखूचे नव्हते. तंबाखू तेव्हा या देशात नव्हतीच. आणि हा उपाय रोज करण्याचा नव्हता, तो बेशुद्धी, अपस्मार अशा निवडक दुखण्यांसाठी होता. मी एम.बी.बी.एस. डॉक्टर, वैद्य नव्हे, पण त्या अध्यायातली मनाई कोणाची आहे ते वाचण्यासारखे आहे. नुकतेच जेवलेला, पाणी प्यालेला, नुकतीच अंघोळ केलेला, मद्य घेतलेला, बाळंतीण, नवी सर्दी झालेला, यांना नस्य देऊ नये. सात वर्षांच्या आत नाही, ऐंशीच्या पुढे नाही. आणि औषधी धूर ओढण्याचा उपाय अठरा वर्षांच्या आत नाही. आपल्या सरकारला तंबाखू विक्रीसाठी अठराचा नियम करायला २००३ साल उजाडले.

म्हणजे जंगलात काय किंवा वैद्याच्या घरी काय, नाकाच्या वाटेने काही द्यायचे तर त्याला कुंपण होते. हे कुंपण का लागते, ते आता शरीराच्या बाजूने पाहू.

नाकाच्या आत लाल, ओलसर, मखमलीसारखे अस्तर असते. त्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. थंड कोरडी हवा फुप्फुसात जाण्यापूर्वी ऊबदार आणि दमट व्हावी म्हणून निसर्गाने ही सोय केली. त्या अस्तरावर सूक्ष्म केस सतत हलत असतात. ते धूळ आणि जंतू चिकट शेंबडात गोळा करून मागे घशाकडे ढकलतात. पण रक्त इतके जवळ असल्यामुळे नाकात घातलेली वस्तू फार लवकर रक्तात जाते. पोटातून जाणारे औषध आधी यकृतातून गाळून जाते, नाकातले औषध ही चौकी चुकवते. फिट आलेल्या मुलाला आता घरच्या घरी नाकात मारायचा मिडॅझोलामचा स्प्रे देतात तो याचसाठी. काही मिनिटांत फिट थांबते. जे औषधाच्या बाबतीत वरदान, तेच विषाच्या बाबतीत संकट.

पुडीत राख का घालतात? आपण तंबाखूला चुना का लावतो, त्याचे उत्तर हेच. निकोटीन आम्लात बांधलेले असले तर अस्तरातून सावकाश जाते. राख किंवा चुना यांसारखा क्षार मिळाला की ते मोकळे होते आणि झरझर रक्तात शिरते. हातावर तंबाखू मळणाऱ्या आपल्या माणसाला आणि अ‍ॅमेझॉनच्या आदिवासीला हे रसायनशास्त्र शाळेत न जाता कळले, याचे मला नेहमी कौतुक वाटते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या संशोधकांनी तपकीर ओढणाऱ्यांच्या रक्तातले निकोटीन मोजले होते. सवयीच्या माणसात एका चिमटीने ते काही मिनिटांत सिगारेट ओढल्याइतके वर गेले.

निकोटीन रक्तात गेले की नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. थोड्या प्रमाणात तरतरी येते, लक्ष एकाग्र झाल्यासारखे वाटते. प्रमाण जास्त झाले तर तोंडाला पाणी सुटते, दरदरून घाम येतो, मळमळते, उलटी होते, हातपाय गार पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्यांदा चोरून तंबाखू खाल्लेल्या कुठल्याही मुलाला विचारा. शिबिरात या उलटीला 'आतली घाण बाहेर पडली' असे सांगतात. श्रद्धा म्हणून कोणी तसे मानत असेल तर माझा वाद नाही. डॉक्टर म्हणून मला ती निकोटीनची मात्रा जास्त झाल्याची खूण दिसते. उलटीनंतर येणारी शांतताही खरी असते. समुद्रात बोट लागून उलटी झालेल्या माणसालाही ती येते.

आता त्या सेवानिवृत्त गृहस्थांबद्दल सांगतो, कारण हा लेख मुख्यतः त्यांच्यासारख्यांसाठी आहे. वय अडुसष्ट. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलेला. पत्नी गेल्याला वर्ष झालेले. तेव्हापासून जेवण कमी, झोप नाही, बोलणे नाही. मुलीला वडिलांची काळजी, तिच्या ओळखीच्या कोणी तरी सुचवले की एका बैठकीला घेऊन या, मन मोकळे होईल. काका भिडस्त. मुलीचे मन मोडवत नव्हते, म्हणून मला विचारायला एकटेच आले. म्हणाले, "तिच्या समाधानासाठी एकदा घेतली तर काय होईल, डॉक्टर?"

मी त्यांना स्पष्ट नाही म्हटले आणि कारणे सांगितली. निकोटीनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याच वेळी नाडी वाढून हृदयाची रक्ताची मागणी वाढते. ज्याच्या रक्तवाहिनीत एकदा गाठ झाली आहे त्याच्यासाठी हा व्यवहार तोट्याचा. ते रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात. नाकाच्या पुढच्या भागात पडद्यावर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते, तिला जोराच्या फुंकरीने इजा झाली तर अशा माणसाचा घोळणा लवकर थांबत नाही. नाडी मंद ठेवणारी गोळी चालू आहे, त्यात उलटी आणि घाम येऊन रक्तदाब एकदम उतरला तर चक्कर येऊन पडायचे, आणि अडुसष्टाव्या वर्षी खुब्याचे हाड मोडले तर ते वेगळेच प्रकरण.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्यात काहीच नाही?"

प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटले, काही नाही असे कसे म्हणू? कोणी तरी तुमच्या समोर बसते, फोन बाजूला ठेवते, तुमच्याकडे लक्ष देते. अर्धा तास कोणी बोलत नाही. पत्नी गेल्यापासून तुमच्या समोर असे कोण बसले आहे? त्यांचे डोळे भरून आले. हे त्यांना हवे होते, आणि त्याला तंबाखू लागत नाही. मी मुलीला बोलावून घेतले, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. नैराश्यावर आज चांगली औषधे आहेत आणि ती हृदयरोग्याला कोणती द्यायची हेही ठाऊक आहे. आता बापलेक रोज संध्याकाळी तळजाईवर फिरायला जातात.

मुलीचा हेतू चांगला होता हे मुद्दाम लिहितो. अशा बैठकीला माणसे चैन म्हणून जातात असे नाही. पुष्कळदा दुःख असते आणि ते सांगायला जागा नसते.

पण ज्यांनी काही झाले तरी घेऊ नये त्यांची नावे घेतलीच पाहिजेत. हृदयविकार, रक्तदाब, पक्षाघात होऊन गेलेला, दमा, फिट येणारे, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, नाकाचे ऑपरेशन झालेले, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे, अठराच्या आतली मुले. ज्याने एकदा तंबाखू सोडली आहे त्याने तर मुळीच नाही, एका चिमटीत जुनी सवय जागी होते. नळी एकाची दुसऱ्याला देऊ नये. नाकाच्या अस्तरातून रक्ताचा सूक्ष्म अंश नळीला लागतो आणि त्यातून काविळीचे 'बी', 'सी' हे विषाणू पसरू शकतात. 'आदिवासींची शुद्ध पूड' म्हणून कुपीतून आलेल्या वस्तूत काय आहे हे कुपी सांगत नाही. दक्षिण अमेरिकेत नाकात ओढायच्या पुडी अनेक आहेत, सगळ्याच तंबाखूच्या नाहीत. काहींत भास निर्माण करणारी द्रव्ये असतात. त्यांपैकी डी.एम.टी. हे आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहे. याच बैठकांत तिकडे 'आयाहुआस्का' नावाचा काढाही देतात. त्यातही डी.एम.टी. असते, आणि नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या चालू असताना तो घेतला तर जिवावर बेतू शकते.

आणि आपली घरची तपकीर? ती जुनी आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. लंडनच्या जॉन हिल या डॉक्टराने १७६१ सालीच तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकात झालेल्या कर्करोगासारख्या गाठींबद्दल लिहून ठेवले होते. धूर नसलेली तंबाखूही कर्करोग निर्माण करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केले आहे. आपल्या २००३ च्या तंबाखू कायद्याच्या यादीत विडी-सिगारेटबरोबर तपकीर आणि तंबाखूची दंतमंजनेही आहेत. खेड्यातल्या आणि वस्तीतल्या पुष्कळ बायका तपकीर किंवा मिसरी हिरड्यांना लावतात, दात दुखायचा थांबतो म्हणून. दुखणे थांबत नाही, बधिर होते, आणि खालची कीड वाढत राहते. वर्षानुवर्षे तपकीर ओढणाऱ्याचे नाक कायम चोंदलेले असते, अस्तर सुकते, वास कळेनासा होतो. करोनाच्या काळात ज्यांचा वास गेला होता त्यांना तो जाणे म्हणजे काय हे सांगायला नको. गॅस गळतो आहे हे न कळणे ही साधी गोष्ट नव्हे.

सोडायची असेल तर तपकीर सुटते. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोके जड, शिंक अडकल्यासारखे वाटते. त्या दिवसांत मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घालावेत, हात रिकामा राहू देऊ नये, डबी घरात ठेवू नये. तलफ फारच असेल तर निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम डॉक्टरांना विचारून काही आठवडे घेता येते. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे.

श्वासाबद्दल दोन शब्द. पूड घेतल्यावर मिळणाऱ्या शांततेचा पुष्कळ भाग श्वास रोखणे, मग सावकाश सोडणे आणि स्तब्ध बसणे यातून येतो असे मला वाटते. हे आपल्या दारातले ज्ञान आहे. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले ते योगाचे परिणाम यंत्रांनी मोजण्यासाठीच. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी पाहिले की जपमाळ ओढत लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा बौद्ध मंत्र, श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाची लय सुधारते. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये दिसले की तोंड मिटून गुणगुणल्यावर नाकातून बाहेर पडणारे नायट्रिक ऑक्साइड पंधरा पटींनी वाढते. सायनसची हवा खेळती राहते ती त्यामुळे. आपली भ्रामरी म्हणजे हेच.

करायचे कसे? सकाळी पोट रिकामे असताना ताठ बसा. नाकाने सावकाश श्वास घ्या, तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज करत तो संपेपर्यंत सोडा. पाच-सहा वेळा, बस्स. हृदयविकार आणि रक्तदाबाच्या लोकांनी श्वास रोखून धरू नये, कपालभाती जोरात करू नये. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून कोमट केलेलेच वापरावे. अमेरिकेत २०११ साली नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे मेंदूत अमीबा शिरून दोन मृत्यू झाले आहेत.

आणि तरीही घरात कोणी अशी पूड घेतली आणि उलट्या होऊन तो गळून पडला, तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात पाणी, दूध, लिंबू काही घालू नका. छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल किंवा हाकेला ओ देत नसेल तर लगेच १०८ ला फोन करा. ती कुपी फेकून देऊ नका, घट्ट बंद करून बरोबर आणा. आणि कृपा करून, काय आहे ते पाहावे म्हणून कोणी तिचा वास घेऊ नका.